'मॅचिंग'चा फंडा, मसुऱ्याच्या अंगणातून!

एक वायर, तीन बटणं आणि दोन सुया. एवढ्या सामानात मालवणजवळच्या एका गावातून थेट पुण्याशी बोलता येतं. मोबाइल नको, इंटरनेट नको, टॉवर तर नकोच! मात्र त्यासाठी वायरीचं आणि सेटचं सूत जुळावं लागतं. ते कसं जुळतं, त्याचीच ही गोष्ट...

ड्रेसवर मॅचिंग ओढणी, ओढणीवर मॅचिंग कानातलं, सँडलवर मॅचिंग पर्स... आणि घरच्यांच्या डोक्यात चोवीस तास पत्रिकेचं मॅचिंग! या शब्दाचं आपल्याला तसं काही नवल नाही. पण इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाला हा शब्द ऐकवून बघा. त्याच्या डोळ्यांसमोर ना ड्रेस येईल, ना लग्नाचा हॉल. तो म्हणेल, 'इम्पीडन्स मॅचिंग!' आणि कॉलेजात ज्यांनी ज्यांनी हा टॉपिक ऑप्शनला टाकला होता, ते सगळे हळूच विषय बदलतील.

मी सॉफ्टवेअरवाली. तारा, कॉइल, कपॅसिटर यांच्याशी माझा संबंध फोनच्या चार्जरपुरता. तरीही या विषयाच्या वाटेला मी गेले, ती आजीमुळे.

आमची आजी मसुऱ्याला असते. मालवण तालुक्यातलं हे मोठं गाव. गावाच्या डोक्यावर भरतगड, खाडीच्या पलीकडच्या तीरावर भगवंतगड आणि मधून वाहणारी गड नदी, जी पुढे कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. भराडीदेवीच्या जत्रेमुळे महाराष्ट्रभर ठाऊक असलेली आंगणेवाडी ही याच मसुऱ्याची वाडी. जत्रेला लाखो माणसं येतात. एरवी मात्र गाव कसं शांत, निवांत असतं.

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला घासून गेलं. सिंधुदुर्गात झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले. आम्ही ठाण्यात, आजी गावात आणि तिचा फोन लागत नाही. त्यात लॉकडाऊन. जिल्हा ओलांडायचा तर ई-पास हवा! एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. चौथ्या दिवशी कणकवलीहून ओळखीच्या एका काकांचा फोन आला, 'म्हातारी बरी आसा. मांगराची कौलां उडाली फक्त.' घरातले सगळे एकदम खाली बसले.

त्या तीन दिवसांत आमच्या घरी आठ स्मार्टफोन होते, दोन कंपन्यांचं वायफाय होतं आणि तरी आम्हाला एका म्हातारीची खुशाली कळत नव्हती. मी ठरवलं, पुढच्या वादळाआधी काहीतरी करायचं. शोधत शोधत जिथे पोचले, ते होतं 'हॅम रेडिओ'.

हॅम म्हणजे कोण?

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. स्वतःच्या घरातून, स्वतःच्या सेटवरून जगभरातल्या दुसऱ्या हौशी मंडळींशी बोलणारे. हे काम गुपचूप करायचं नसतं बरं! दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, परवाना घ्यावा लागतो, मग तुमचा स्वतःचा 'कॉल साइन' मिळतो. आपल्याकडचे बहुतेक कॉल साइन 'व्हीयू टू' किंवा 'व्हीयू थ्री' असे सुरू होतात. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी वाजवायची नाहीत, कुणाच्या बोलण्यात घुसायचं नाही. नियम एकदम कडक.

पण संकटाच्या वेळी हीच हौशी माणसं सगळ्यांच्या कामी येतात. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या दिल्लीच्या हॅम त्यांच्या टीमसह अंदमानात होत्या. गेल्या होत्या छंदापायी, पण बेटांवरचे फोन बंद पडल्यावर त्यांचा रेडिओ लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवत राहिला. हे वाचलं आणि माझं ठरलं. अभ्यास केला, परीक्षा दिली, परवाना आला. वीस वॅटचा एक छोटा सेट घेतला, जो गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. वीस वॅट म्हणजे किती? घरातला एलईडीचा एक मोठा दिवा!

एवढ्याशा ताकदीत मसुऱ्याहून पुण्या-मुंबईला पोचायचं, तर त्यातला एकेक वॅट सांभाळायला हवा. आणि इथेच आपला 'मॅचिंग'वाला हीरो एण्ट्री घेतो.

अंगण छोटं, वायर मोठी

आम्हाला बोलायचं होतं '४० मीटर' नावाच्या बँडवर. भारतात हौशींसाठी तो ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ असा आहे. नावाप्रमाणे इथल्या लहरीची लांबी साधारण ४० मीटर. तिच्यासाठी सगळ्यात सोपा अँटेना म्हणजे अर्ध्या लांबीची, म्हणजे जेमतेम २० मीटरची तार. मधोमध कापायची, दोन बाजूला दहा-दहा मीटर आणि मधून सेटकडे जाणारी केबल. याला म्हणतात 'डायपोल'.

आता आमच्या अंगणाची गोष्ट. एका टोकाला माड, दुसऱ्या टोकाला हापूसचं कलम. मधलं अंतर चौदा मीटर! आंबा हलवता येत नाही आणि माडाला 'जरा सरक' म्हणता येत नाही. म्हणून तार लावली चौदा मीटरचीच. आजी पडवीत बसून सगळं बघत होती. शेवटी तिला राहवेना. म्हणाली, 'काय गो चेडवा, ही दोरी कित्याक बांधलंस? कपडे वाळत घालूक?'

मधून सेटपर्यंत वायर आणायची होती, ती माळ्यावरच सापडली. आठवते का टीव्हीची ती चपटी वायर? गच्चीवर तो माशाच्या काट्यासारखा अँटेना, दादा वर चढून तो फिरवतोय आणि खालून सगळं घर ओरडतंय, 'आलं, आलं... गेलं!' तीच वायर. तिच्या दोन तारा एकमेकींपासून ठरावीक अंतरावर असतात आणि त्या वायरीचा इम्पीडन्स असतो ३०० ओहम. केबल टीव्हीची गोल वायर असते ७५ ओहमची. आणि माझ्या सेटला हवे असतात ५० ओहम.

म्हणजे सेटची एक मागणी, वायरीचा दुसराच स्वभाव आणि चौदा मीटरच्या तारेची तऱ्हा तिसरीच. जुळायचं कसं?

इम्पीडन्स म्हणजे काय रे भाऊ?

रेझिस्टन्स आपण शाळेत शिकलो. विजेला होणारा अडथळा, एकक ओहम. पण ही झाली बॅटरीच्या सरळ चालणाऱ्या विजेची कथा. रेडिओत वीज सेकंदाला सत्तर-सत्तर लाख वेळा पुढे-मागे करते. अशा वेळी नुसता अडथळा नाही, तर एक प्रकारची टाळाटाळही आडवी येते. कॉइलमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. कपॅसिटरमध्ये तो व्होल्टेजच्या पुढे धावतो. अडथळा अधिक ही मागे-पुढे करण्याची खोड, हे सगळं मिळून झाला इम्पीडन्स. हा शब्द दिला इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइडने, १८८६ मध्ये.

झोपाळ्याचं उदाहरण घ्या. पडवीतल्या झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका धक्का दिला, तर तो मस्त झुलतो. तो तुमच्याकडे येत असतानाच ढकललात, तर ताकद वाया आणि मनगटाला झटका! आखूड तारेचं असंच असतं. ती कपॅसिटरसारखी वागते, तिची लय पुढे पळालेली असते. लांब तार कॉइलसारखी वागते, तिची लय मागे पडलेली. अर्ध्या लहरीची तार मात्र लयीत असते. मोकळ्या जागेत तिचा इम्पीडन्स ७३ ओहमच्या आसपास येतो आणि पुढे-मागे करण्याची भानगड जवळजवळ शून्य. आमची चौदा मीटरची तार आखूड, म्हणजे लय बिघडलेली. शिवाय तिचा रेझिस्टन्सही ५० ओहमपेक्षा बराच कमी.

भिंत की पुळण?

लय बिघडली तर काय होतं? त्यासाठी मालवणला चला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर लाट आदळते तेव्हा बघा. १६६४ मध्ये बांधायला घेतलेला तो तट काही लाटेला आत घेत नाही. लाट धडकते आणि उलटी फिरते. येणारी लाट आणि परतणारी लाट एकमेकींत मिसळतात आणि पाणी जागच्या जागी वर-खाली होत राहतं.

आता तारकर्लीच्या पुळणीवर या. तीच लाट, तोच समुद्र. पण वाळूचा उतार इतका हळुवार की लाट चढत जाते, फुटते आणि तिची सगळी ताकद वाळूत जिरते. परत जाणारं पाणी अगदी थोडं.

तारेवरही हेच. सेटकडून निघालेल्या लहरीला पुढे वेगळाच इम्पीडन्स भेटला, तर तिचा काही भाग भिंतीवर आदळल्यासारखा परत फिरतो. येणारी आणि जाणारी लहर मिळून वायरीवर एक 'उभी लहर' तयार होते. ती किती उंच, किती खोल, याचं गुणोत्तर म्हणजे 'एसडब्ल्यूआर'. हॅम लोकांच्या तोंडी हा शब्द दिवसातून शंभर वेळा असतो.

हिशेब सोपा आहे. एसडब्ल्यूआर १ असेल, तर परतावा शून्य. दीड असेल, तर फक्त ४ टक्के ताकद परत. २ असेल, तर ११ टक्के. ३ म्हणजे २५ टक्के आणि ५ म्हणजे ४४ टक्के. बँकेत परतावा जास्त असेल तर आपण खूश होतो. इथे उलटं! शिवाय आजकालचे सेट हुशार असतात. परतावा फार वाढला की स्वतःला जपण्यासाठी ते आपली ताकद आपणच कमी करतात. वीस वॅटचे कधी पाच वॅट होतात, ते बोलणाऱ्याला कळतही नाही.

डब्यात दडलंय काय?

यावर उतारा म्हणजे 'अँटेना ट्यूनर'. नाव मोठं, पण उघडून बघितलात तर आत दिसेल एक कॉइल, दोन फिरवायचे कपॅसिटर आणि बरीचशी मोकळी जागा. जुने रेडिओ दुरुस्त करणारे त्या कपॅसिटरला 'गँग कंडेन्सर' म्हणतात. पात्यांचे दोन पंखे एकमेकांत शिरतात, बाहेर येतात. आमच्या आजोबांच्या रेडिओत स्टेशन लावायचं बटण हाच पंखा फिरवायचं.

ट्यूनर दोन कामं करतो. एक, बिघडलेली लय जागेवर आणतो. तार कपॅसिटरसारखी पुढे पळत असेल, तर तो कॉइल देऊन तिला मागे खेचतो. मागे रेंगाळत असेल, तर कपॅसिटर देऊन पुढे आणतो. दोन उलट्या खोडी एकमेकींना मारतात. दुसरं काम गिअरबॉक्सचं. घाट चढताना तुम्ही बाइक पहिल्या गिअरवर टाकता, म्हणजे इंजिनाची ताकद तेवढीच, पण ती चाकाला पेलेल अशा रूपात पोचते. ट्यूनरही व्होल्टेज आणि करंट यांचा हिशेब बदलतो. कमी व्होल्टेज-जास्त करंट, नाहीतर जास्त व्होल्टेज-कमी करंट. ताकद तीच, रूप वेगळं.

आकडे हवेत? समजा समोर २०० ओहमचा भार आहे आणि सेटला हवेत ५०. तर ७.१ मेगाहर्ट्झवर साधारण १.९४ मायक्रोहेन्रीची एक कॉइल रांगेत आणि १९४ पिकोफॅरडचा एक कपॅसिटर २०० ओहमच्या बाजूला आडवा लावायचा. बस्स! सेटला वाटतं की समोर नेमके ५० ओहम बसलेत. दोन वस्तूंत काम फत्ते. आमच्या डब्यात तीन वस्तू आहेत, त्यामुळे तो अधिक विचित्र तारांनाही मनवू शकतो. चपट्या वायरीसाठी त्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मरही आहे, 'बालुन' नावाचा. जुन्या टीव्हीच्या मागे चपटी वायर जोडायला जी छोटीशी डबी असायची ना, तिच्यात हाच बसलेला असायचा. ३०० ओहमचे ७५ करायचा. तारेचे वेढे एकाला दोन ठेवले, की इम्पीडन्स एकाला चार होतो. वर्गाचं गणित!

तीन बटणं, एक संध्याकाळ

संध्याकाळचे पाच वाजत आले होते. पडवीत टेबल, टेबलावर सेट, ट्यूनर, बॅटरी. शेजारी आजीने ठेवलेला चहा आणि खटखटे लाडू. वायर ट्यूनरला जोडली, पण ट्यूनर बाजूला ठेवून मीटर बघितला, तर परताव्याची सुई थेट टोकाला. चौदा मीटरच्या तारेने आपला स्वभाव स्पष्ट सांगितला होता.

ट्यूनिंगची रीत अशी. आधी बोलायचंच नाही, नुसतं ऐकायचं. सेटमधून खरखर येत असते. बटणं फिरवत जायची आणि खरखर सगळ्यात मोठी कुठे होते ते शोधायचं. खरखर मोठी झाली, म्हणजे बाहेरचं आत जास्त येतंय. म्हणजेच वाट मोकळी होतेय. हे अर्धं काम कुणालाही त्रास न देता होतं.

मग फ्रीक्वेन्सी रिकामी आहे ना, हे ऐकून घ्यायचं. आपला कॉल साइन सांगायचा. ताकद पाच वॅटवर आणायची आणि सेट चालू ठेवून मीटरच्या दोन सुयांवर नजर ठेवायची. एक जाणारी ताकद दाखवते, दुसरी परतणारी. कॉइलचा एक खटका, मग पहिला कपॅसिटर इवलासा, मग दुसरा इवलासा. पुन्हा पहिला. माझ्या हाताला सवय झाली आणि अचानक परताव्याची सुई हळूहळू खाली सरकायला लागली. साडेतीन... अडीच... दोन... दीड... आणि मग जणू झोपच लागली तिला. आजी मागून म्हणाली, 'इतक्या हळू फिरवतंस, जशी काय वालाची उसळ ढवळतंस!'

इथे एक गंमत. अशा तीन बटणांच्या ट्यूनरमध्ये सुई झोपवणाऱ्या जागा अनेक असतात. सगळ्या सारख्या नसतात! काही जागी सुई शून्यावर असते, पण ताकद कॉइल तापवण्यातच खर्च होते. म्हणून जाणकार सांगतात, कॉइल जेवढी कमी चालेल तेवढी कमी ठेवा आणि कपॅसिटरची पाती जेवढी आत जातील तेवढी आत घ्या. मी चार जागा शोधल्या, त्यातली ही जागा निवडली आणि तिन्ही बटणांचे आकडे एका वहीत लिहून ठेवले. वादळात, टॉर्चच्या उजेडात शोधत बसायला नको.

मग ताकद वीस वॅटवर आणली आणि हाक दिली. 'सीक्यू, सीक्यू...' म्हणजे, कुणी आहे का? पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा खरखरीतून एक भारदस्त आवाज वर आला. पुण्याचे एक ज्येष्ठ हॅम! माझा आवाज स्वच्छ येतोय म्हणाले. मी जागा सांगितली, 'मसुरे, तालुका मालवण.' तिकडून लगेच प्रश्न, 'आंगणेवाडीचं मसुरे का?' आजीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ना... विचारू नका! 'तार नाय, फोन नाय... आणि मानूस पुण्यात?' तिने दोनदा विचारलं.

पुणे इथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि मध्ये उभा सह्याद्री. मग आवाज गेला कसा? आमची तार जमिनीपासून जेमतेम सहा मीटरवर. इतक्या खालची तार आपली ताकद आडवी फेकत नाही, जवळजवळ सरळ वर फेकते. वर काही शे किलोमीटरवर आयनोस्फिअर आहे. तिथून ती परत खाली येते, छत्रीसारखी पसरून. डोंगराच्या डोक्यावरून! दिवसाउजेडी चारशे-पाचशे किलोमीटरचा टापू असा सहज मिळतो. मुंबई सव्वातीनशे किलोमीटरवर आहे, तीही त्यात आली. कोकणासारख्या दऱ्याडोंगरांच्या मुलखाला तर हे वरदानच.

३६ गुण जुळले तरी...

आता एक खरी गोष्ट. ट्यूनर लावला म्हणून अँटेना सुधारत नाही. चौदा मीटरची तार चौदा मीटरचीच राहते. ट्यूनर आणि तार यांच्यामधल्या वायरीवर उभी लहर तशीच असते. मग फायदा काय? तारेकडून परतलेली लहर ट्यूनरपाशी येते, तेव्हा ट्यूनर तिला पुन्हा तारेकडे पाठवतो. काही जिरतं, उरलेलं पुन्हा परततं, पुन्हा पाठवलं जातं. असं करत बहुतेक ताकद अखेर बाहेर पडते. अट एकच, मधल्या वायरीने या येरझाऱ्यांत जास्त वाटमारी करता कामा नये. बारीक गोल केबल अशा वेळी पुष्कळ ताकद गिळून तापते. चपटी वायर खूपच कमी गिळते. म्हणून माळ्यावरच्या त्या वायरीला मी सोन्याचा भाव दिला. तिचा एकच रुसवा असतो, पावसात भिजली किंवा खाऱ्या वाऱ्याने मीठ बसलं की तिचा इम्पीडन्स सरकतो. मग वहीतले आकडे थोडे हलवावे लागतात. माझ्या वहीत आता दोन रकाने आहेत, 'कोरडं' आणि 'ओलं'.

आणि नुसत्या एसडब्ल्यूआरवर भाळू नका. ५० ओहमचा एक साधा रेझिस्टर सेटला लावा. सुई एकदम शून्यावर, मॅचिंग शंभर टक्के! पण बाहेर काही जातच नाही, सगळी ताकद रेझिस्टर तापवते. पत्रिकेत ३६ गुण जुळले म्हणून संसार फुलतोच असं थोडंच आहे? जुळणं हवंच, पण जुळल्यावर पुढे काही घडलं पाहिजे.

बेचाळीस पूर्णांक चौतीस मीटर

हा ४० मीटरचा पट्टा आपल्या मुंबईने एकदा फार मोठ्या कामासाठी वापरलाय. १९४२ चं 'चले जाव' आंदोलन. नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधनं. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. शिकागो रेडिओच्या नानिक मोटवानी यांनी यंत्रसामग्रीची मदत केली. प्रक्षेपण व्हायचं ४२.३४ मीटरवर. गणित करून बघा, हे येतं साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. म्हणजे आज भारतातले हॅम जिथे गप्पा मारतात, नेमकी तीच जागा!

पोलिस माग काढत होते, म्हणून ही मंडळी सारखी जागा बदलायची. आज या इमारतीत, उद्या त्या इमारतीत. रेडिओवाल्याच्या नजरेने बघा. प्रत्येक नव्या जागी तार वेगळ्या लांबीची, वेगळ्या उंचीवर, वेगळ्या भिंतींच्या मध्ये. म्हणजे जुळवाजुळव प्रत्येक वेळी नव्याने आलीच. आणि तीही दार वाजेल या धास्तीत. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी छापा घातला आणि उषाताईंना अटक झाली. चार वर्षांची शिक्षा झाली. १९९८ मध्ये त्यांना 'पद्मविभूषण' मिळालं आणि २००० मध्ये त्या गेल्या. २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी सिनेमाही आला, 'ऐ वतन मेरे वतन'. तो बघताना हीरोईनकडे बघाच, पण त्या तारेकडेही एक नजर टाका.

कानात, दवाखान्यात, खिशात

एकदा हा फंडा क्लीअर झाला की तो सगळीकडे दिसायला लागतो. आपला कानच घ्या. बाहेर हवा, आतल्या कानात द्रव. हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला, तर ९९.९ टक्के ताकद परत फिरेल. भिंतच की ती! म्हणून निसर्गाने मध्ये तीन इवलीशी हाडं ठेवलीत. हातोडी, ऐरण आणि रिकीब. मोठ्या पडद्यावरचा दाब ती छोट्याशा खिडकीवर एकवटतात आणि आवाज आत शिरतो. आपण जन्मतःच ट्यूनर घेऊन येतो.

सोनोग्राफीला डॉक्टर पोटावर गार गार जेल लावतात, तेही मॅचिंगच. मध्ये हवेचा पातळ थर राहिला, तरी लहरी तिथूनच परत फिरतील. आणि तुमचा स्मार्टफोन? तो तुम्ही हातात कसा धरता, कानाला लावता की टेबलावर ठेवता, यावर त्याच्या अँटेनाचा इम्पीडन्स बदलतो. म्हणून आजच्या बऱ्याच फोनमध्ये आपोआप जुळवून घेणारी ट्यूनिंगची छोटी चिप असते. माझी तीन बटणं आणि वही, नखाएवढ्या जागेत!

ट्राय करायचंय?

* आधी परवाना. परवान्याशिवाय बोलायचं नाही. ऐकायला मात्र साधा शॉर्टवेव्ह रेडिओही सुरुवातीला चालेल.
* तार विजेच्या लाइनपासून लांब, हात पोचणार नाही अशा उंचीवर. गडगडायला लागलं की वायर काढून बाहेर.
* अंगण पुरत असेल, तर पूर्ण वीस मीटर लावा. चांगला अँटेना हा सगळ्यात चांगला ट्यूनर.
* ट्यूनिंग कमी ताकदीवर आणि थोडक्यात. फ्रीक्वेन्सी रिकामी आहे ना, हे आधी विचारा.
* जुळलेले आकडे लिहून ठेवा. कोरड्याचे वेगळे, ओल्याचे वेगळे.

सध्या मसुऱ्याचा सेट एका लाकडी पेटीत आहे. शेजारच्या वाडीतला एक कॉलेजकुमार परीक्षेची तयारी करतोय. तो पास झाला की मसुऱ्यात कायमचा माणूस असेल आणि ठाण्यात मी. पावसाळ्याच्या तोंडावर दर रविवारी ठरलेल्या वेळी हाक द्यायची, असं आम्ही ठरवलंय. परवाना नसल्याने आजी काही माइक हातात घेत नाही. पण ती शेजारी बसून ऐकणार, हे नक्की. आकाशवाणीच्या बातम्यांइतकंच मन लावून!

हॅम लोक निरोप घेताना एक आकडा म्हणतात. त्या आकड्याचा अर्थ 'मनापासून शुभेच्छा'. योगायोग बघा, लयीत असलेल्या डायपोलच्या इम्पीडन्सचाही आकडा तोच. तर मग तुम्हाला मसुऱ्याहून, सेव्हन्टी-थ्री!